28 हजारांची ‘इंटर्नशिप’ की भोईवाडा कोर्टातला मागचा बाक?

पत्र:

काकू, मी परळला राहते. अकरावी कॉमर्सची परीक्षा नुकतीच झाली. दहावीपर्यंत मराठी माध्यम. आमची चाळ पागडीची आहे. मालकाने आमच्यावर आणि आणखी काही बिऱ्हाडांवर खोली खाली करण्याचा दावा लावलाय, तो मी पाचवीत असल्यापासून चालू आहे. बाबा दर वेळी रजा टाकून धोबीतलावच्या कोर्टात जातात आणि पुढची तारीख घेऊन येतात. तेव्हापासून मला वकीलच व्हायचंय. एका क्लासने मे महिन्यात दहा दिवसांची ‘प्री-लॉ समर इंटर्नशिप’ ठेवली आहे. फी 28 हजार, त्यात हायकोर्ट व्हिजिट आणि सर्टिफिकेट. बाबांनी 3 हजार भरून सीट बुक केलीय. न्यू जर्सीची माझी मावसबहीण म्हणते की तिकडे शाळेतली मुलं असे कॅम्प करतात, ॲडमिशनला उपयोग होतो. आमच्या घरात कोणीच वकील नाही, विचारायचं कोणाला? बाकीचे पैसे भरावेत का? आणि इंग्रजी कच्चं असेल तर हा नाद सोडून द्यावा का?

— अकरावीतली मुलगी, परळ

उत्तर:

अगं, बाकीचे 25 हजार भरू नका. कारणं सांगतेच, पण उत्तर आधी दिलेलं बरं. क्लासवाल्यांचा ‘शेवटचे दोन सीट’वाला फोन बाबांना एव्हाना येऊन गेला असेल.

आधी ॲडमिशनचं बघू. बारावीनंतर पाच वर्षांच्या लॉसाठी दोन परीक्षा तुझ्या कामाच्या आहेत. पवईचं महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ आणि देशभरातली तसली जवळपास सगळी विद्यापीठं ‘क्लॅट’ने प्रवेश देतात. चर्चगेटचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज आणि मुंबई विद्यापीठाची बाकी कॉलेजं, जिथे बी.एल.एस. एलएल.बी. असतं, ती राज्याच्या सीईटी सेलच्या ‘एमएच-सीईटी लॉ’ने. दोन्हीकडे परीक्षेतले मार्क चालतात. उन्हाळ्यात काय केलंस हे कोणी विचारत नाही, सर्टिफिकेट जोडायला फॉर्मवर रकानाही नाही.

मग ‘इंटर्नशिप’ हा शब्द. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या नियमांप्रमाणे पाच वर्षांच्या कोर्सला एकूण किमान 20 आठवडे इंटर्नशिप करावी लागते, पण ती लॉला नाव घातल्यावर. अकरावीतले दहा दिवस त्यात मोजले जात नाहीत. वर्गात बसवून लेक्चर द्यायचं आणि त्याला इंटर्नशिप म्हणायचं, हा धंदा गेल्या काही वर्षांत बोकाळलाय.

आणि मला हसू आलं ते ‘हायकोर्ट व्हिजिट’चं. मे महिन्यात हायकोर्टाला सुट्टी असते! साधारण मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात लागते, ती जूनमध्ये उघडते. मध्ये तातडीच्या कामासाठी व्हेकेशन कोर्ट बसतं, तेही मोजक्या दिवशी. दिवाणी कोर्टांचंही तेच. म्हणजे तुम्हा मुलांना रिकामे व्हरांडे दाखवणार, बाहेर राजाबाई टॉवरच्या बाजूला ग्रुप फोटो काढणार आणि बसमधून परत आणणार.

मावसबहिणीचं म्हणणं तिच्या जागी बरोबर आहे. अमेरिकेत बारावीनंतर लॉ नसतंच. आधी चार वर्षांची कुठलीतरी पदवी, मग तीन वर्षांची ‘जेडी’ ही कायद्याची पदवी. कॉलेजच्या अर्जात निबंध, शिक्षकांची पत्रं, शाळेबाहेर काय केलं, सगळं बघतात. त्यामुळे शाळकरी मुलांसाठी विद्यापीठंच उन्हाळी कार्यक्रम ठेवतात. येल विद्यापीठाच्या ‘यंग ग्लोबल स्कॉलर्स’मध्ये तर राजकारण, कायदा आणि अर्थशास्त्र असा वेगळा गट असतो, बाहेरच्या देशांतली मुलंही घेतात आणि ऐपत नसेल तर फीत मदतही मागता येते. तुला पुढे अमेरिकेत शिकायचं असेल तर तो विचार कर. परळहून चर्चगेटला किंवा पवईला जायचं असेल तर त्याचा काडीचा उपयोग नाही.

मग सुट्टीत करायचं काय? तुझ्या हाताशी जे आहे ते त्या क्लासकडे नाही.

तू परळला राहतेस म्हणजे भोईवाडा कोर्ट तुझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. फौजदारी कोर्टं मे महिन्यातही चालू असतात, कारण माणसं मे महिन्यातही पकडली जातात, आणि पकडलेल्याला 24 तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचं हे संविधानाच्या 22 व्या कलमात आहे. आपल्याकडे कोर्ट उघडं असतं. कोणीही जाऊन बसू शकतं, त्याला पास लागत नाही की फी लागत नाही. आईला किंवा मोठ्या कोणाला सोबत घे, कॉलेजचं ओळखपत्र ठेव, अकराच्या आधी पोच. फोन बंद कर, नुसता सायलेंट नको. फोटो-बिटो अजिबात नाही. पुढच्या खुर्च्या वकिलांच्या, तू मागच्या बाकावर. आणि हौसेने पांढरा शर्ट-काळी पँट घालून जाऊ नकोस, कोणीतरी तुला ज्युनिअर समजून हातात फाईल देईल आणि झेरॉक्सला पिटाळेल.

पहिल्या दिवशी काही कळणार नाही. पट्टेवाला नावं पुकारतो, वकील दोन वाक्यं बोलतात, साहेब, म्हणजे मॅजिस्ट्रेट, मान खाली घालून लिहितात, झालं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कान बसतो. पोलीस आरोपीला घेऊन येतात, तपास अधिकारी ‘पीसी’ मागतो म्हणजे पोलीस कोठडी, आरोपीचा वकील ‘एमसीआर’ द्या म्हणतो म्हणजे न्यायालयीन कोठडी, म्हणजे मग जामिनाचा अर्ज करायला मोकळा. साहेब आरोपीला एक प्रश्न मराठीत किंवा हिंदीत विचारतात: ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ त्या क्षणी उत्तराकडे लक्ष देऊ नकोस, आरोपी उत्तर देण्याआधी कोणाकडे बघतो ते बघ. हे कुठल्याही क्लासमध्ये शिकवत नाहीत.

लहान मुलांवरच्या अत्याचाराचे आणि बलात्काराचे खटले बंद दरवाजाआड चालतात. अशी केस असली की बाहेर जायला सांगतील. कारण न विचारता उठायचं. बाहेर व्हरांड्यात आरोपींच्या आया डबे घेऊन बसलेल्या असतात. त्यांच्याशी गप्पा मारून माहिती काढू नकोस, पण त्या तिथे असतात हे बघून ठेव.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या चाळीची केस.

तू लिहिलंस की बाबा फक्त तारीख घेऊन येतात. मला सांग, त्या केसची फाईल तू कधी उघडून पाहिलीस? बाबांकडे किंवा चाळ कमिटीच्या सेक्रेटरींच्या कपाटात वादपत्राची प्रत असणार, तुमच्या वकिलांनी दाखल केलेली कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, असणार. ती मागून घे. मूळ कागद घरी नेऊ नकोस, झेरॉक्स काढ. वादपत्र म्हणजे मालकाचं म्हणणं: खोली का हवी, कोणत्या कलमाखाली. मग महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 काढ. ‘इंडिया कोड’ या सरकारी संकेतस्थळावर फुकट आहे. त्यातलं 15 वं आणि 16 वं कलम तुमच्या कामाचं. भाडेकरू भाडं भरत असेल तर त्याला केव्हा काढता येत नाही ते 15 मध्ये, मालक कोणकोणत्या कारणांवर जागा परत मागू शकतो ते 16 मध्ये. लेखी परवानगीशिवाय पक्कं बांधकाम केलं, पोटभाडेकरू ठेवला, सबळ कारणाशिवाय जागा दावा लावण्याआधी सलग सहा महिने वापरली नाही, मालकाला स्वतःला खरोखर गरज आहे, अशी बरीच कारणं आहेत. आणि त्याच कलमात पुढे असंही आहे की मालकाची गरज खरी असली तरी खोली गेल्याने भाडेकरूची जास्त परवड होणार असेल तर कोर्ट खोली काढून देत नाही. तुमच्या मालकाने यातलं कोणतं कारण धरलंय ते शोध. मग कैफियतीत तुमच्या वकिलांनी त्याला काय उत्तर दिलंय ते वाच. एवढं केलंस की चाळीतल्या निम्म्या लोकांपेक्षा तुला जास्त कळायला लागेल, आणि तेही जाहीर करू नकोस. कळलंय हे कळलं की सगळे काका रात्री नऊला दारात उभे राहतील.

याच्यापुढे रोजनामा. प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं हे कोर्ट लिहून ठेवतं, त्याला रोजनामा म्हणतात. बाबा प्रतिवादी आहेत, म्हणजे दावा त्यांच्यावर आहे, त्यांना त्याची नक्कल मागता येते. ‘ई-कोर्ट्स’ ॲपवर सोळा अक्षरी-आकडी सीएनआर नंबर टाकला की तारखांची यादी दिसते, बरेचदा त्या दिवशी काय झालं तेही दिसतं. आता एक साधी वही घे, तीन रकाने आख: तारीख, काम का झालं नाही, कोणामुळे. ‘वादीचे वकील गैरहजर.’ ‘प्रतिवादीतर्फे मुदतीचा अर्ज.’ ‘साहेब रजेवर.’ ‘साक्षीदार हजर नाही.’ पाचवीपासूनच्या सगळ्या तारखा भर.

यातून दोन गोष्टी निघतील. एक, काही तारखा मालकाने मागितल्या असतील, काही तुमच्याच बाजूने मागितल्या गेल्या असतील. हे वाचून राग येईल. वकिलांकडे जाऊन भांडू नकोस. भाडेकरूच्या बाजूने वेळ जाणं हे कधीकधी मुद्दाम असतं, कारण निकाल लागेपर्यंत खोली तुमच्याच ताब्यात असते. दोन, दिवाणी प्रक्रिया संहितेत असं आहे की सुनावणी चालू असताना एका पक्षाला तीनपेक्षा जास्त वेळा तहकुबी, म्हणजे पुढची तारीख, देऊ नये. वाचून तू म्हणशील, मग आमच्याकडे इतक्या कशा? तर 2005 साली सुप्रीम कोर्टाने ही तरतूद वैध ठरवताना अगदी अपवादात्मक परिस्थितीत त्यापेक्षा जास्त तारीख देण्याची वाट मोकळी ठेवली. कायद्याच्या पुस्तकातला ‘देऊ नये’ आणि धोबीतलावच्या कोर्टातला ‘एस.ओ.’, म्हणजे स्टँड ओव्हर, पुढची तारीख, यांच्यामधल्या जागेत वकिलांचं पोट चालतं. तिथे उभं राहायला तुला आवडेल का, हे या सुट्टीत कळलं तर पुरे झालं.

ही वही तुमच्या घरापुरती ठेव. चाळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिचा फोटो टाकलास तर मालकाच्या वकिलापर्यंत तो संध्याकाळपर्यंत पोचेल.

इंग्रजीचं. क्लॅट फक्त इंग्रजीत असते, दोन तासांत 120 प्रश्न, चुकलं की पाव मार्क जातो. 2020 पासून तिचे प्रश्न उताऱ्यांवर असतात, म्हणजे पाठांतर कमी, वाचन जास्त. सीईटी इंग्रजी आणि मराठी दोन्हींत असते आणि तिथे चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. त्यामुळे नाद सोडण्याचा प्रश्नच नाही. पण पुढे हायकोर्टात काम करायचं तर इंग्रजीवाचून चालणार नाही, हेही खरं, उगाच गोड बोलत नाही.

त्यासाठी व्याकरणाची पुस्तकं नकोत, एक निकालपत्र घे. मी ‘ओल्गा टेलिस विरुद्ध बॉम्बे म्युनिसिपल कॉर्पोरेशन’ सुचवीन. 1981 च्या पावसाळ्यात तेव्हाचे मुख्यमंत्री अंतुले यांनी मुंबईतल्या फूटपाथवर राहणाऱ्यांना हटवून आपापल्या गावी पाठवायचं जाहीर केलं, त्याविरुद्ध पत्रकार ओल्गा टेलिस आणि फूटपाथवर राहणारे काही जण सुप्रीम कोर्टात गेले. निकाल आला जुलै 1985 मध्ये, लिहिला सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूडांनी. सगळीकडे तुला सांगतील की या केसमध्ये उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं ठरलं. ते खरंच आहे. पण शेवटची पानं वाच. फूटपाथ सार्वजनिक आहेत, तिथे राहायचा हक्क कोणाला नाही आणि महापालिका हटवू शकते, फक्त पावसाळा जाऊ दे, 31 ऑक्टोबर 1985 पर्यंत थांबा, असंही त्याच निकालात आहे. म्हणजे तत्त्व जिंकलं आणि माणसं हरली. बारावीच्या गाईडमधल्या एका ओळीत हे कधीच मावत नाही. परळमध्ये वाढलेल्या मुलीला तर ते वाचताना रस्तासुद्धा डोळ्यांसमोर येईल.

रोज पाच पानं इंग्रजीतून वाच, अडलेले शब्द लिही, आणि दिवसाच्या शेवटी आज काय वाचलं ते मराठीत चार ओळींत लिही. मराठीत लिहिता आलं नाही तर ते कळलेलं नाही, उद्या परत. सुप्रीम कोर्टाचे बरेच निकाल 2023 पासून मराठी अनुवादातही मिळतात, अडलीस तर तो आधार आहे, पण आधी मूळ. कंटाळा आला तर यूट्यूबवर सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाच्या सुनावण्या आहेत, सप्टेंबर 2022 पासून त्या दाखवतात. तासभर बघ. टीव्हीवरच्या चर्चेसारखं तिथे कोणी कोणावर ओरडत नाही, आणि मोठमोठे वकीलसुद्धा न्यायाधीशांनी प्रश्न विचारला की आपलं वाक्य अर्धवट सोडून आधी त्याचं उत्तर देतात.

एखाद्या वकिलाच्या ऑफिसात बसायला मिळालं तर? मिळू शकतं. तुमच्या केसचे वकीलच आहेत, बाबांकरवी विचार. ‘इंटर्नशिप द्या’ म्हणू नकोस, ‘आठवडाभर बसून काम बघू का’ असं म्हण. काम मिळेल ते पानांना नंबर टाकायचं, फायली लावायचं, तारखा डायरीत उतरवायचं. आनंदाने कर. तिथे ऐकलेलं घरी सांगायचं नाही, आईलाही नाही. अशिलाने वकिलाला सांगितलेलं गुपित राहतं हा कायदा आहे, आणि तो कारकुनांनाही लागू होतो. आणि एक काळजीचं: वकिलांची ऑफिसं संध्याकाळी भरतात, अशिलांच्या मीटिंगा रात्री नऊपर्यंत चालतात. तू दिवसा जा, सहाला नीघ, ऑफिसात दुसरं कोणी नसेल तर थांबू नकोस. यात संकोच करायचा नाही आणि कारणही द्यायचं नाही.

क्लॅट बहुधा डिसेंबरात होते, म्हणजे ऐन बारावीत. त्यामुळे परीक्षेच्या तयारीला हीच सुट्टी, पुढची नाही. रोज सकाळी दोन तास जुने पेपर सोडव. जनरल गटासाठी क्लॅटची फी 4 हजार आहे. 25 हजार वाचताहेत त्यातून ती भरा, सीईटीची भरा, आणि खरंच गरज वाटली तर नंतर चांगली टेस्ट सीरिज घ्या. बारावीला 45 टक्के (अनुसूचित जाती-जमातींना 40) लागतात, तेवढे तू आणशीलच.

राहिले बुकिंगचे 3 हजार. ते सोडू नका. तू अठराची नाहीस, त्यामुळे क्लासशी झालेला व्यवहार बाबांचा आहे आणि पत्रही बाबांच्या सहीने जाईल, पण मजकूर तू लिही. पावतीच्या मागे बारीक अक्षरात काय छापलंय ते आधी वाच. ‘बुकिंग रक्कम परत मिळणार नाही’ असं असलं तरी पत्र लिहायचंच. जाहिरातीत काय सांगितलं होतं (इंटर्नशिप, हायकोर्ट व्हिजिट), ते कसं शक्य नाही, म्हणून अमुक तारखेला भरलेली अमुक रक्कम पंधरा दिवसांत परत करावी. एवढंच, एका पानात. रागाचं एकही वाक्य नको, ‘फसवणूक’ हा शब्द तर मुळीच नको. कोचिंगवाल्यांच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2024 मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत, त्यांचा उल्लेख शेवटी एका ओळीत कर. जाहिरातीचा स्क्रीनशॉट आजच काढून ठेव, उद्या ती बदललेली असेल. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा, किंवा मुंबई ग्राहक पंचायतीच्या मार्गदर्शन केंद्रात कागद घेऊन जा. ती संस्था 1975 पासून ग्राहकांसाठी काम करते.

पत्राच्या दोन प्रती काढ. एक क्लासच्या ऑफिसात द्यायची, दुसरीवर त्यांचा शिक्का, तारीख आणि सही घ्यायची. ‘सर नाहीत, ठेवून जा’ म्हणाले तर ठेवून येऊ नका, पोस्टात जाऊन स्पीड पोस्टाने, पोच-पावतीसह पाठवा.